‘नष्टनीड’ ते ‘चारुलता’: चारूचा नकार कुठे गेला? (धागा)

१/ गाजलेल्या साहित्यकृतीवर चित्रपट आला की दोन वाक्ये ठरलेली असतात. ‘मूळ कृतीच सरस होती’ हे पहिले; ‘चित्रपट स्वतंत्र कलाकृती म्हणून पाहा’ हे दुसरे. २०१६ साली ‘नटसम्राट’ पडद्यावर आले तेव्हा आपण ही दोन्ही ऐकली आणि यापुढेही ऐकत राहू. आजचा धागा या दोन वाक्यांमध्ये अडकलेल्या एका जुन्या वादाविषयी आहे.

२/ वाद १९६४ सालचा, कलकत्त्यातला. एका बाजूला सत्यजित राय, दुसऱ्या बाजूला अशोक रुद्र हे अर्थशास्त्रज्ञ. मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांची १९०१ सालची ‘नष्टनीड’ ही दीर्घकथा आणि तिच्यावर आधारलेला ‘चारुलता’ हा चित्रपट. वादाचे मैदान होते ‘परिचय’ हे बंगालीतले प्रतिष्ठित मासिक.

३/ माझे म्हणणे आरंभीच सांगतो, म्हणजे धागा शेवटपर्यंत न वाचणाऱ्यांनाही भांडता येईल. या वादात राय जिंकले असे मानले जाते आणि बहुतांशी ते खरे आहे. पण रुद्रांच्या चुकीच्या प्रश्नाखाली एक बरोबर प्रश्न दडलेला होता. ‘चित्रपट मूळ कथेशी प्रामाणिक आहे का?’ हा चुकीचा प्रश्न. ‘बदल करताना कोणाच्या हातातून काय गेले?’ हा बरोबर प्रश्न.

४/ आधी कथा. भूपती हा कलकत्त्यातला सधन गृहस्थ. राजकारणाचे वेड, स्वतःचे इंग्रजी वर्तमानपत्र. त्या वर्तमानपत्राच्या नादात आपली बालवधू कधी तरुण झाली हे त्याच्या ध्यानातच येत नाही. चारूला वाचनाची गोडी आहे, वेळ भरपूर आहे आणि बोलायला कोणी नाही. घरात भूपतीचा आतेभाऊ अमल राहतो. कॉलेजात शिकतो, लेखक होण्याची स्वप्ने पाहतो.

५/ दीर आणि भावजय मिळून बागेचे बेत आखतात, एकमेकांची थट्टा करतात, लिहितात, रुसतात. त्या खेळाचे रूपांतर कशात झाले हे चारूला कळते ते अमल दूर गेल्यावर. भूपतीला कळते ते त्याहूनही उशिरा. घरटे मोडते, पण काटकी मोडल्याचा आवाजही होत नाही. ‘नष्टनीड’ हे नाव म्हणूनच इतके नेमके आहे.

६/ मराठी वाचकाला हे घर परके वाटू नये. न्यायमूर्ती रानड्यांशी १८७३ साली विवाह झाला तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. पतीने त्यांना लिहायला-वाचायला शिकवले आणि घरातल्या बायकांचा रोष रमाबाईंनी सोसला. पत्नीला शिकवणारा सुधारक नवरा हे त्या पिढीचे आदर्श चित्र होते. रवींद्रनाथांनी त्या चित्राची दुसरी बाजू दाखवली: शिकलेल्या पत्नीशी बोलायला ज्याला सवड नाही असा सुधारक नवरा.

७/ आता चित्रपट. १७ एप्रिल १९६४ रोजी ‘चारुलता’ प्रदर्शित झाला. माधवी मुखर्जी चारू, सौमित्र चटर्जी अमल, शैलेन मुखर्जी भूपती. छायाचित्रण सुब्रत मित्र यांचे, कलादिग्दर्शन बन्सी चंद्रगुप्त यांचे, संगीत स्वतः रायांचे. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळाले. १९६५ साली बर्लिन महोत्सवात दिग्दर्शनाचे रौप्य अस्वल मिळाले. आदल्याच वर्षी ‘महानगर’साठी रायांना तोच सन्मान लाभला होता.

८/ राय स्वतःच्या चित्रपटांविषयी कठोर होते. पण ‘चारुलता’ हा आपला सर्वांत कमी दोषांचा चित्रपट आहे आणि पुन्हा करायचा झाला तर असाच करीन, असे त्यांनी अनेकदा सांगितले. म्हणजे पदके आणि दिग्दर्शकाचे समाधान दोन्ही एका बाजूला होते. तरीही घरच्या वाचकांत अस्वस्थता होती. का?

९/ इथे काळ पाहावा लागतो. १९६१ साली रवींद्रनाथांची जन्मशताब्दी देशभर साजरी झाली. खुद्द रायांनी त्या वर्षी रवींद्रनाथांवर माहितीपट केला आणि त्यांच्या तीन कथांवर ‘तीन कन्या’. शताब्दीनंतर लेखकाचा ‘ठेवा’ होतो आणि ठेव्याला राखणदार मिळतात. रवींद्रनाथांच्या साहित्याचे हक्क २००१ अखेरपर्यंत विश्वभारतीकडे होते; गाणे कसे गायचे यावरही तिथल्या संगीत मंडळाची नजर असे.

१०/ बंगाली मध्यमवर्गाच्या घरात रवींद्रनाथ हे पोथीसारखे होते. पोथीतली ओळ बदलली तर अर्थ बदलला की नाही हे कोणी विचारत नाही. ओळ बदलली हाच अपराध. प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया इतिहासाचे साधन म्हणून वाचताना हे लक्षात ठेवावे लागते. प्रतिक्रिया चित्रपटाविषयी जेवढे सांगते, त्याहून अधिक प्रतिक्रिया देणाऱ्याच्या देव्हाऱ्याविषयी सांगते.

११/ रुद्रांचा आक्षेप मात्र केवळ भक्ताचा नव्हता. ते अभ्यासू, डाव्या विचारांचे वाचक होते. कथानक, पात्रे आणि आशय या तिन्ही बाबतींत रायांनी मूळ कथेपासून फारकत घेतली आहे, हे त्यांचे म्हणणे. रायांनी ‘चारुलता प्रसंगे’ या दीर्घ लेखातून त्यांना उत्तर दिले. हा लेख पुढे ‘विषय चलच्चित्र’ या त्यांच्या पुस्तकात समाविष्ट झाला.

१२/ रायांचे उत्तर धारदार आहे, कुठे कुठे टोचणारेही. त्याचा गाभा असा: कथा ही लेखकाच्या विश्लेषणातून पुढे सरकू शकते, पात्राच्या मनात महिनोन्‌महिने काय चालले ते निवेदक सांगू शकतो. चित्रपटाला ते डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल अशा घटनांत मांडावे लागते. तेव्हा बदल हा उद्धटपणा नसून माध्यमाची गरज आहे. प्रसंगामागून प्रसंग घेऊन ते आपला निर्णय समजावून देतात.

१३/ या उत्तराचे बळ पाहायचे तर चित्रपटाचा आरंभ पाहावा. चारू रुमालावर ‘बी’ हे इंग्रजी अक्षर भरते आहे, भूपतीचे आद्याक्षर. मग घरभर फिरते. कपाटातून बंकिमचंद्रांचे पुस्तक काढते. दांडीचा चष्मा डोळ्यांना लावून खिडकीच्या झडपांतून रस्त्यावरची माणसे न्याहाळते. भूपती पुस्तक वाचत तिच्या शेजारून जातो, परत येतो, त्याला ती दिसतच नाही. मग ती तोच चष्मा लावून त्यालाही पाहते. कित्येक मिनिटे जवळजवळ संवादच नाही.

१४/ हा प्रसंग कथेत नाही. पण ‘पतीच्या लक्षातच आले नाही’ हे कथेतले सत्य याहून अचूक सांगता येणार नाही. दोन हातांवरचा नवरा पाहायला दूरचे दाखवणारा चष्मा लागतो! इथे मूळ शब्द सोडून राय मूळ अर्थापाशी पोहोचले आहेत. या बदलावर ‘मुळात नाही’ असा आक्षेप घेणे म्हणजे भाषांतरात मूळ भाषेतले शब्द नाहीत म्हणून तक्रार करणे.

१५/ दुसरा बदल इतिहासाच्या विद्यार्थ्याला विशेष मोहवणारा. राय घटनाकाल पक्का करतात: १८७९-८०. भूपतीच्या घरी ग्लॅडस्टनच्या लिबरल पक्षाच्या विजयाची मेजवानी होते; ती निवडणूक १८८० च्या वसंतातली. व्हाइसरॉय लिटनच्या १८७८ च्या देशी भाषा वृत्तपत्र कायद्याची झळ त्या काळात ताजी होती. विलायतेत सरकार बदलले की हिंदुस्थानचे दैव बदलेल, अशी आशा असलेले सुशिक्षित तेव्हा कलकत्त्यात होते, तसे मुंबईत आणि पुण्यातही होते.

१६/ हा तपशील केवळ सजावट नाही. हजारो कोसांवरच्या निवडणुकीने भूपती हर्षभरित होतो आणि त्याच घरात त्याची पत्नी त्याला अनोळखी होत चालली आहे. ‘सत्य टिकून राहते’ हे त्याच्या वर्तमानपत्राचे ब्रीद. आणि घरातले सत्य त्याला दिसत नाही. उदारमतवादाची मर्यादा एवढ्या मायेने आणि एवढ्या निर्दयपणे क्वचितच दाखवली गेली असेल.

१७/ कालविपर्यासाच्या शोधात असणाऱ्यांसाठी: होय, चित्रपटात तो आहे. झोपाळ्यावर चारू गुणगुणते ते स्कॉटिश चालीवरचे गाणे रवींद्रनाथांच्या १८८२ च्या ‘कालमृगया’तले. किशोर कुमारांच्या आवाजात अमल गातो ते ‘विदेशिनी’चे गाणे तर १८९० च्या दशकातले. म्हणजे चित्रपटातला काळ घडत असताना दोन्ही अलिखित होती. पण गाण्याच्या शेवटी अमल ‘विदेशिनी’च्या जागी ‘बोउठाकुराणी’ म्हणतो, म्हणजे वहिनी. तो एक शब्द बदलून राय सारे नाते उघड करतात.

१८/ परदेशी प्रेक्षकाला नेमकी हीच जागा अवघड गेली असणार. दीर-भावजयीच्या थट्टेला आपल्या घरांत मुभा होती, नव्हे, तिचा एक रिवाजच होता. म्हणून अमल दिवसभर चारूच्या खोलीत बसतो याचे कोणाला काही वाटत नाही. ज्याला हे ठाऊक नाही त्याला भूपती भोळसट वाटतो आणि चित्रपट संथ. ज्याला ठाऊक आहे त्याला प्रत्येक हास्यापाठी धोका ऐकू येतो. एकच चित्रपट, पण दोन प्रेक्षकांच्या घड्याळांची गती निराळी.

१९/ घरच्या प्रेक्षकाची अडचण उलट होती. त्याला जरा जास्तच ठाऊक होते. रवींद्रनाथांच्या वहिनी कादंबरीदेवी त्यांच्याहून दोनच वर्षांनी मोठ्या. त्यांच्या लेखनाची पहिली वाचक त्याच. एप्रिल १८८४ मध्ये कादंबरीदेवींनी आत्महत्या केली. ‘नष्टनीड’च्या एका जुन्या हस्तलिखिताच्या समासांत कादंबरीदेवींची आठवण उमटलेली आपण पाहिली, असे रायांनीही पुढे सांगितले.

२०/ तेव्हापासून आजपर्यंत ‘चारू म्हणजे खरी कोण?’ हा प्रश्न चवीने चघळला जातो. माझ्या मते हा प्रश्न साधन म्हणून उपयोगी, निष्कर्ष म्हणून घातक. कादंबरीदेवींनी लिहिलेले फारसे काही आपल्यापर्यंत आलेले नाही. जिचा शब्दच उरला नाही अशा स्त्रीला कथेतल्या पात्राचा शब्द चिकटवून आपण दोघींनाही गप्प करतो. चारू ही चारू आहे. ती काय करते ते पाहू.

२१/ आणि आता मूळ मुद्दा. चारू कथेत काय करते? अमल विवाह करून सासऱ्याच्या पैशाने विलायतेला जातो. त्याचे पत्र येत नाही. तेव्हा चारू आपले दागिने गहाण टाकते आणि पतीला न कळवता, उत्तराचे पैसे आगाऊ भरून, अमलला तार करते. एकोणिसाव्या शतकातल्या अंतःपुरातल्या बाईने कोणाच्या नकळत समुद्रापार तार पाठवणे म्हणजे काय धाडस असेल याची कल्पना करा. अमलचे उत्तर मात्र भूपतीच्या हाती पडते आणि त्याचे डोळे उघडतात.

२२/ म्हणजे कथेत भूपतीला सत्य कळते ते चारूच्या कृतीमुळे. तिने काहीतरी केले आहे. चित्रपटात ही तार नाही. तिथे अमलचे पत्र येते, चारू ते छातीशी धरून हंबरडा फोडते आणि त्याच क्षणी परतलेला भूपती ते पाहतो. प्रसंग हृदय पिळवटणारा आहे, माधवी मुखर्जींनी तो कायमचा कोरून ठेवला आहे. पण इथे चारू काही करत नाही. ती सापडते.

२३/ दुसरी कृती शेवटची. कथेत भूपती म्हैसूरला संपादक म्हणून जायला निघतो. चारू आपल्यालाही घेऊन चल म्हणते. तो आधी नाही म्हणतो. मनात अमल असलेल्या पत्नीला रोज उराशी बाळगणे त्याला असह्य वाटते. मग तिचा पडलेला चेहरा पाहून त्याला दया येते आणि तो चल म्हणतो. आणि चारू नकार देते. एक तुटक, थंड नकार. कथा तिथेच संपते.

२४/ हा नकार पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. चारूला दयेची जागा नको आहे. तिला जाण्यासाठी दुसरे घर नाही, अमलचा मार्ग बंद आहे, स्वतःची मिळकत नाही. हातात काहीच नसताना ती उरलेली एकमेव गोष्ट वापरते: ‘नको’ म्हणण्याचा अधिकार. १९०१ साली एका पुरुषाने लिहिलेल्या कथेत शेवटचा शब्द एका गृहिणीचा आहे आणि तो नकार आहे.

२५/ चित्रपटाचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. भूपती रस्त्यांवर भटकून परततो. चारू दार उघडते, त्याला आत बोलावते, हात पुढे करते. त्याचा हात अडखळत पुढे येतो. दोन हात एकमेकांना भिडण्याआधी चित्र गोठते. मग एकामागून एक स्थिर चित्रे: चारूचा चेहरा, भूपतीचा चेहरा, दिवा घेऊन उभा असलेला नोकर. जगभरच्या समीक्षकांनी या शेवटाचे कौतुक केले आणि ते योग्यच आहे.

२६/ पण हिशेब मांडा. कथेत भूपती हात पुढे करतो आणि चारू तो नाकारते. चित्रपटात चारू हात पुढे करते आणि निर्णय भूपतीच्या अडखळत्या हाताकडे जातो. नाकारण्याची जागा एकाकडून दुसऱ्याकडे सरकली. मी चित्रपट आधी पाहिला, कथा नंतर वाचली. कथेच्या शेवटापाशी आल्यावर कळले की इतकी वर्षे आपण ज्या शेवटाला ‘संदिग्ध’ म्हणत आलो, तो मुळात मुळीच संदिग्ध नव्हता.

२७/ न्यायाने पाहायचे तर दुसरे पारडेही भरले पाहिजे. रायांनी चारूला काही दिलेही आहे. अमल गेल्यानंतर समुद्रकिनारी ती भूपतीला नवे वर्तमानपत्र सुचवते: राजकारणाचा इंग्रजी भाग त्याचा, बंगाली भाग तिचा. हे कथेत नाही. कथेत उलट भूपतीच चारूचे मन जिंकायला बंगालीत लिहू पाहतो. ‘मराठा’ आणि ‘केसरी’ ही इंग्रजी-मराठी जोडी १८८१ च्या जानेवारीत निघाली हे आठवले म्हणजे चारूची सूचना किती काळाला धरून आहे ते कळते.

२८/ म्हणजे राय तिच्या हातातून तार आणि नकार काढून घेतात आणि तिला दृष्टी आणि काम देऊ करतात. माझ्या मते इथे १९६४ बोलते आहे. आदल्याच वर्षी ‘महानगर’मध्ये त्याच माधवी मुखर्जी नोकरीसाठी घराबाहेर पडणाऱ्या आरतीच्या भूमिकेत होत्या आणि तो चित्रपट पती-पत्नी एकत्र चालत संपतो. स्त्रीला काम मिळाले तर संसार तुटणार नाही, कदाचित सावरेल, ही स्वातंत्र्योत्तर पिढीची आशा. ‘चारुलता’तला पुढे केलेला हात त्याच आशेचा आहे.

२९/ रवींद्रनाथांपाशी ती आशा नव्हती. पण तिच्या अभावी त्यांनी चारूला जे दिले ते अधिक कठोर आणि, मला वाटते, अधिक मोकळे होते. आशा असलेल्या माणसाला तडजोड करावी लागते. चारूला ती करावी लागत नाही.

३०/ अपेक्षित आक्षेप: ‘हा आजच्या स्त्रीवादाचा मापदंड जुन्या चित्रपटाला लावणे झाले.’ नाही. मापदंड आजचा नाही. तो १९०१ चा आहे. चित्रपटाहून त्रेसष्ट वर्षे जुन्या मजकुरात ती कृती आहे. काळ पुढे सरकला म्हणजे पात्रांचे स्वातंत्र्य वाढतच जाते, हा समज इतिहासाने पुन्हा पुन्हा खोटा ठरवला आहे. इथेही तो खोटा ठरतो.

३१/ दुसरा आक्षेप: ‘नकार पडद्यावर दाखवणे अशक्य होते, माध्यमाची गरज.’ हेही पटत नाही. रायांनी संवादाशिवाय आरंभ दाखवला. एका स्त्रीने मान हलवून ‘नको’ म्हणणे त्यांना अवघड नव्हते. तार दाखवणे तर त्याहून सोपे. हे दोन बदल माध्यमाने लादलेले नाहीत, कलावंताने निवडलेले आहेत. निवडीचे श्रेय द्यायचे तर तिची किंमतही विचारायला हवी.

३२/ म्हणून रुद्रांकडे परत येतो. त्यांनी बदलांची यादी केली, तिथे ते चुकले असे मला वाटते. यादीतला प्रत्येक बदल सारखा नसतो. दांडीच्या चष्म्याने अर्थ वाढला, १८८० च्या मेजवानीने अर्थ वाढला, तार गेल्याने अर्थ घटला. पण त्यांच्या कुरकुरीमुळेच रायांना आपले निर्णय कागदावर मांडावे लागले. पदक देणाऱ्यांपैकी कोणी त्यांच्याकडून तो लेख लिहवून घेतला नाही. तक्रार करणाऱ्या वाचकाचे हे ऋण मान्य केले पाहिजे.

३३/ तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘पुस्तकच चांगले होते’ म्हणाले तर त्याला हसू नका आणि ‘माध्यम वेगळे असते’ म्हणून गप्पही करू नका. त्याला विचारा: नेमके काय गेले? ते कोणाचे होते? आणि त्या बदल्यात कोणाला काय मिळाले? तीन प्रश्नांची उत्तरे आली तर ती समीक्षा. नाही आली तर ते केवळ देव्हाऱ्याचे राखण.

३४/ एक गोष्ट शेवटासाठी राखून ठेवली होती. चित्र गोठते, दोन हातांमधले अंतर तसेच राहते, आणि मग पडद्यावर बंगाली लिपीत एक शब्द उमटतो. तो चित्रपटाच्या नावाचा नाही. तो रवींद्रनाथांच्या कथेच्या नावाचा आहे: नष्टनीड.

३५/ सबंध चित्रपट स्वतःच्या नावाने चालवून शेवटची पाटी मात्र रायांनी मूळ लेखकाला दिली. हात पुढे आला तरी घरटे मोडलेलेच आहे, हे त्यांनाही ठाऊक होते. चारूचा नकार त्यांनी तिच्या ओठांवरून काढला, पण पूर्ण पुसला नाही. तो त्या एका शब्दात ठेवला. तेवढे पुरे आहे का? माझे उत्तर: नाही. तुमचे वेगळे असेल तर कथा आणि चित्रपट दोन्ही समोर ठेवून भांडू. (समाप्त)